लाल बटण दाबण्याआधी

माझ्या पहिल्या घरगुती रेकॉर्डिंगमध्ये शेवटची कॉर्ड विरत असताना एक आवाज ऐकू येतो, ‘झालं एकदाचं!’ आवाज माझाच. त्या दुपारचा तो कितवा टेक होता हे मोजणं मी केव्हाच सोडलं होतं. तितका बरा टेक नंतर काही जमला नाही. त्यामुळे ते गाणं आजही तसंच आहे, शेवटी गिटार आणि तिच्यावर माझा सुस्कारा.

पुढे नवीन पनवेलच्या आमच्या घरातलं आठ ट्रॅकचं छोटं यंत्र बऱ्याच जणांनी वापरलं. कोणी खारघरहून भावगीत घेऊन आलं, कोणी उरणहून हळदीचं गाणं. बहुतेकांची गत माझ्यासारखीच झाली. गाणं पाठ असतं, कॉर्ड पाठ असतात, घरी शंभरदा वाजवलेलं असतं. लाल दिवा लागला की दुसऱ्या ओळीत हात अडखळतो. मग टेकवर टेक. संध्याकाळपर्यंत बोटांची टोकं सोललेली आणि हाती काहीच नाही.

कारण साधं आहे. मैफलीत गिटारवाला बहुधा कोणाच्या तरी मागे असतो. चुकलो तर तबलजी सांभाळून घेतो, गायक एखादी ओळ पुन्हा म्हणतो, टाळ्यांत बाकीचं वाहून जातं. मल्टिट्रॅकवर, म्हणजे एकेक वाद्य वेगवेगळं नोंदवताना, पहिला ट्रॅक बहुतेक वेळा गिटारचाच असतो. तेव्हा सांभाळायला कोणी नसतं. उलट तबला, पेटी, बासरी, गळा, सगळे नंतर तुमच्याच खांद्यावर उभे राहणार असतात. तेव्हा सराव गाण्याचा नको, खांदा देण्याचा हवा. हा लेख त्या सरावाबद्दल आहे. कुठला माइक घ्यावा, कुठलं यंत्र घ्यावं, हे दुकानदार तुम्हाला न विचारताही सांगेल.

आधी थोडं मागे जाऊ. ताडदेवचं फिल्म सेंटर किंवा वांद्र्याचा मेहबूब स्टुडिओ, अशा ठिकाणी हिंदी-मराठी गाणी ज्या काळात ध्वनिमुद्रित व्हायची, तेव्हा गायक आणि सगळा वाद्यवृंद एकदमच वाजवायचा. पन्नास जणांत एकाची चूक झाली की पन्नास जणांचा टेक वाया. म्हणून लाल दिव्याआधी तासन् तास रिहर्सल व्हायची. सेबॅस्टियन डिसोझांसारखे अरेंजर प्रत्येक वादकाचा भाग नोटेशनमध्ये लिहून द्यायचे आणि वाचून वाजवणाऱ्या गोव्याच्या वादकांना म्हणूनच मागणी होती. आपल्याकडे अनिल मोहिले यांनी हेच काम मराठी गाण्यांसाठी केलं. त्या वादकांची बोटं आपल्यापेक्षा चपळ होती यात वाद नाही, पण मला हेवा वाटतो तो त्यांच्यासमोरच्या कागदाचा. कुठल्या बारला सुरुवात, कुठे थांबायचं, कुठे नुसतं बसून राहायचं, सगळं त्यावर ठरलेलं असायचं.

एकट्याने अनेक गिटार वाजवून गाणं रचण्याचा मान ज्याच्याकडे जातो तो अमेरिकेचा लेस पॉल. त्याची तऱ्हा तर याहून कठीण. १९४८ साली आलेली त्याची ‘लव्हर’ ही ध्वनिमुद्रिका ऐकलीत तर गिटारचे थरच्या थर ऐकू येतात. हे काम त्याने हॉलिवूडमधल्या घराच्या गॅरेजमध्ये तबकड्यांवर केलं. एक तबकडी वाजवायची, तिच्यासोबत नवा भाग वाजवायचा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर कोरायचे. पुढे टेप आली तेव्हा जुना थर पुसला जाऊन त्याच फितीवर नवा मिश्र थर उमटायचा. म्हणजे सातव्या थरात चूक झाली तर आधीचे सहाही गेले. प्रत्येक फेरीत जुन्या थरांचा दर्जा थोडा घसरायचा, म्हणून कमी महत्त्वाचे भाग आधी आणि मुख्य भाग शेवटी असा क्रमही तो लावायचा. चूक इतकी महाग असली की माणूस यंत्र सुरू करण्याआधीच तयार असतो.

१९७९ मध्ये टॅस्कॅमचा पोर्टास्टुडिओ आला, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक. ब्रूस स्प्रिंगस्टीनने १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या घरी त्याच यंत्रावर जी गाणी नमुना म्हणून नोंदवली, तीच पुढे ‘नेब्रास्का’ नावाने अल्बम म्हणून बाहेर आली. हा दाखला देऊन लोक मला सांगतात, ‘बघा, कच्चं असलं तरी चालतं.’ कच्चा होता तो आवाज. वाजवणारा माणूस वर्षानुवर्षं रंगमंचावर मुरलेला होता. आज मेमरी कार्डावर कितीही टेक फुकट मिळतात आणि नेमकं तेच आपल्याला महागात पडतं. रियाज यंत्रासमोरच होईल असं वाटू लागतं.

तर आता कामाचं.

पहिला दिवस गिटार हातात न घेता काढा. एक कागद घ्या आणि गाण्याचा आराखडा लिहा. सुरुवातीचं म्युझिक ४ बार, मुखडा ८ बार दोनदा, मधलं म्युझिक ८ बार, अंतरा १६, परत मुखडा, शेवट कसा. प्रत्येक रकान्यात गिटार काय करते ते लिहा, आणि काही करत नसेल तर तेही लिहा. गप्प बसायचे बार सर्वांत जास्त फसवतात. मिनिटाला ८० ठोक्यांच्या लयीत चार मात्रांचा एक बार ३ सेकंदांचा होतो, म्हणजे आठ बारांची शांतता २४ सेकंदांची. घरी सराव करताना हे २४ सेकंद कोणीच गप्प बसत नाही. आपण सरळ पुढच्या ओळीवर उडी मारतो. मग रेकॉर्डिंगच्या वेळी सातव्या बारातच हात पडतो. म्हणून मोजत बसण्याचाही सराव करायचा. विचित्र वाटतं, पण करा.

पट्टीचा प्रश्नही याच दिवशी मिटवा. आपले गायक पट्टी पेटीच्या भाषेत सांगतात आणि गिटारवाल्याची तारांबळ उडते. काळी एक म्हणजे सी शार्प: कॅपो गिटारच्या पहिल्या फ्रेटवर, बोटं सीची. काळी दोन हवी असेल तर कॅपो पहिल्यावर लावून डीची बोटं, किंवा तिसऱ्यावर लावून सीची. काळी तीनसाठी चौथ्यावर डीची. काळी चारला पहिल्यावर जीची आणि काळी पाचला पहिल्यावर एची. गायकाला एकदा पूर्ण गाणं, वरच्या अंतऱ्यासकट, म्हणायला लावा आणि मगच पट्टी पक्की करा. नुसत्या मुखड्यावर ठरवलेली पट्टी अंतऱ्यात गळ्याला फास लावते. गिटारचे तीन ट्रॅक झाल्यावर हे कळलं तर ते तिन्ही परत वाजवायचे.

घरात जुनी पेटी असेल आणि ती गाण्यात वाजणार असेल तर आणखी एक गोष्ट. पेटीचे सूर रेकॉर्डिंगच्या दुपारी बदलता येत नाहीत, गिटारचे येतात. घरच्या पेट्या बऱ्याचदा ४४० हर्ट्झवर नसतात. थोड्या चढलेल्या किंवा उतरलेल्या असतात. पेटीचा एक स्वर धरून ट्यूनरवर पाहा. काटा मध्यावर येईपर्यंत ट्यूनरचा आकडा ४४१, ४४२ असा सरकवा आणि त्या आकड्यावर गिटार लावा. आकडा कागदावर लिहून ठेवा. चार दिवसांनी दुसरी गिटार वाजवायला बसाल तेव्हा तो आठवणार नाही.

आता क्लिक, म्हणजे हेडफोनमध्ये वाजणारा मेट्रोनोमचा ठोका. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेकांची गाडी इथेच अडते.

माझं दुसरं गाणं मी क्लिकशिवाय नोंदवलं होतं. मला ते छान वाटलं. मग एक तबलजी मित्र आला, हेडफोन लावून बसला आणि दहा मिनिटांनी हेडफोन काढून म्हणाला, ‘तू अंतऱ्यात पळतोस, मुखड्यात बसतोस. मी कुठे जाऊ?’ गिटार पुसून पुन्हा वाजवावी लागली. मैफलीत तबलजी आपल्यासोबत पळतो, म्हणून आपण पळतो हे आपल्याला कधी कळतच नाही.

लय ठरवताना गायकाला शब्द म्हणू द्या आणि घड्याळ लावून पंधरा सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा. त्याला चाराने गुणलं की आकडा मिळतो. शब्द जिथे सर्वांत दाट आहेत त्या ओळीवर तपासा. मग ताल. यंत्रं बहुतेक कारखान्यातूनच चारच्या मापावर लावून येतात. त्यावर केरवा बिनधोक बसतो. दादऱ्यातलं भावगीत किंवा सहाच्या चालीत डुलणारं कोळीगीत चारच्या क्लिकवर घेतलंत, तर दर चौथ्या ठोक्याला येणारी ठसठशीत ‘टिंग’ समेशी भांडत राहते. हातात दोष नसतानाही माणूस स्वतःला बेताल समजू लागतो. यंत्रात माप सहाचं किंवा तीनचं करा. ते जमत नसेल तर ठसका बंद करून सगळे ठोके सारखे ठेवा.

क्लिकशी मैत्री व्हायला माझ्या अनुभवाने एक आठवडा लागतो. आधी ठरलेल्या लयीच्या तीन चतुर्थांश वेगाने वाजवा. ८० ची लय असेल तर ६० वर. तिथे हात स्थिर झाला की मूळ लयीवर या. मग क्लिक विरळ करा. केरव्यात पहिल्या आणि पाचव्या मात्रेलाच ठोका, दादऱ्यात पहिल्या आणि चौथ्या. मधल्या जागा आता तुमच्या हाताने भरायच्या आहेत. ठोका आणि तुमचा फटका एकावर एक पडला की ठोका ऐकूच येत नाही, गिटारच्या आवाजात बुडतो. ही खूण लक्षात ठेवा. क्लिक सारखं टकटक ऐकू येत असेल तर तुम्ही आधी किंवा नंतर पडताय.

संथ गाणी सोपी असतात हा गैरसमज आहे. ६० च्या लयीत दोन ठोक्यांमध्ये पूर्ण एक सेकंद असतो आणि तेवढ्या मोकळ्या जागेत अस्वस्थ माणूस घाई करतोच. अशा गाण्यात उजवा हात थांबवू नका. तारांना न लागता वर-खाली फिरता ठेवा, आणि वाजवायचं तिथेच तारांना लागू द्या. बसमधला कंडक्टर पंच टकटक करत राहायचा आणि तिकीट आलं की तेवढंच पंच करायचा, तसं काहीसं. (आता ते पंचही गेले, मशीन आलं.)

उजव्या हाताची चाल कागदावर लिहिणं अनेकांना कमीपणाचं वाटतं. तरी लिहा. खाली, खाली-वर, वर-खाली-वर, जे काही असेल ते बाणांनी. याचा फायदा दुसऱ्या ट्रॅकच्या वेळी कळतो. एकच स्ट्रमिंग दोनदा वाजवून एक डाव्या आणि एक उजव्या कानात ठेवलं की गिटार रुंद वाटते. मात्र दोन्ही वेळा चाल तीच हवी. पहिल्यात खाली-वर आणि दुसऱ्यात मनात आलं ते, असं केलं की रुंदीऐवजी खडखडाट मिळतो, जणू दोन भांडी एकमेकांवर आपटताहेत. दुसरी गिटार वेगळ्या जागी वाजवली तर आणखी चांगलं. पहिली मोकळ्या जीच्या बोटांनी आणि दुसरी कॅपो सातव्या फ्रेटवर लावून सीच्या बोटांनी. सूर तेच, रंग वेगळा. याचा सरावही आदल्या दिवशीच करायचा. पहिली गिटार फोनवर नोंदवून घ्या आणि तिच्यासोबत दुसरी वाजवा.

फोनचं नाव निघालंच आहे, तर लाल दिव्याची भीती घालवायचं औषधही तेच. सरावाच्या पहिल्या दिवसापासून रोजचं शेवटचं वाजवणं नोंदवा, चुकलं तरी न थांबता, शेवटापर्यंत. लगेच ऐकू नका. लगेच ऐकलं की आपण स्वतःला माफ तरी करतो नाहीतर फाशी तरी देतो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर ऐका आणि चुका कागदावरच्या बारांवर टिंबं देऊन मांडा. तीन दिवसांत टिंबांचा गठ्ठा कुठे पडतोय ते दिसेल. तो बहुधा एकाच कॉर्डबदलावर असतो. मग पूर्ण गाणं वाजवत बसण्याऐवजी तेवढे दोन बार वीस वेळा वाजवा. डाव्या हाताची बोटं तारांवरून घसटताना होणारी चीं-चीं बैठकीत कोणाला ऐकू येत नाही. माइक मात्र ती दुप्पट करून दाखवतो. बोट घसटण्याऐवजी उचलून ठेवायची सवय लागायला वेळ लागतो, म्हणून ती आधी हेरा.

पंच-इन, म्हणजे चुकलेला तुकडाच पुन्हा नोंदवणं, हे वरदान आहे. पण त्यालाही सराव लागतो. जोड कुठे द्यायचा ते आधी ठरवा. गिटार जिथे क्षणभर श्वास घेते, कॉर्ड दाबून बंद होते, तिथे द्या. लांबत जाणारी कॉर्ड मध्येच कापली तर तिची शेपूट तुटते आणि कोणालाही कळतं. जोडाच्या निदान दोन बार आधीपासून वाजवत या, म्हणजे हाताचा जोर तोच राहील. काही यंत्रांत पंचची रिहर्सल करायची सोय असते, त्यात ऐकू सगळं येतं पण नोंदलं काहीच जात नाही. ती सोय असेल तर तीनदा वापरा, मगच खरं बटण दाबा. आणि पंच त्याच बैठकीत करा. तीच खुर्ची, तोच पिक, माइकपासून तेवढंच अंतर. पुढच्या रविवारी केलेला पंच कपड्याला लावलेल्या ठिगळासारखा दिसतो, रंग जवळपास तोच असला तरी.

गाण्याच्या डोक्यावर दोन बार रिकामे सोडा आणि त्यात ठोके मोजा. ८० च्या लयीत हे सहा सेकंद होतात. नंतर येणाऱ्या प्रत्येक वादकाला याच सहा सेकंदांवरून उडी घ्यायची असते. आवाजाची पातळी लावताना मुखड्यातला सर्वांत जोराचा फटका वाजवून लावा, उणे १२ डेसिबलच्या आसपास. तपासताना सगळे हळू वाजवतात आणि टेकमध्ये जोरात, हे ठरलेलं आहे. डिजिटलमध्ये शून्याच्या वर गेलेला आवाज फाटतो आणि फाटलेला परत शिवता येत नाही.

आपल्या गावाचं वेळापत्रकही सरावात धरावं लागतं. पनवेल जंक्शन, त्यामुळे मालगाड्यांचे भोंगे रात्री-बेरात्री. महामार्गाचा घोंघाट आहेच, आणि २०२५ च्या डिसेंबरात नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून वरूनही भर पडली आहे. शेजारचा कुकर, खालच्या मजल्यावरची बोअरची मोटर, एप्रिल-मेमध्ये पहाटे चारपासून आवाज चढवत नेणारा कोकीळ. मी एक आठवडाभर खिडकीशी बसून कुठल्या तासाला काय आवाज येतो ते लिहून काढलं होतं. तुम्हीही काढा. माझ्या घरी दुपारी दोन ते चार ही वेळ बरी निघाली, मग रियाजही त्याच वेळेला ठेवला. रात्री अकराला सराव आणि दुपारी अडीचला रेकॉर्डिंग केलं की हात गोंधळतो. पंखा बंद करावा लागतो, तेव्हा रियाजही पंखा बंद करूनच करा. मे महिन्यात बंद खोलीत वीस मिनिटांनी बोटं घामाने घसरायला लागतात, हे आधी कळलेलं बरं. गिटार थेट केबलने जोडणार असाल तर चोकच्या ट्यूबलाइटची गुणगुण पिकअपमध्ये येते. ती बंद करून वाजवा आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

पावसाळ्याचं वेगळं. पत्र्यावर सर कोसळत असताना माइक लावण्यात अर्थ नाही. जून ते सप्टेंबर हे मी रियाजाचे महिने समजतो. दमट हवेत तारा लवकर गंजतात, लाकूड फुगून तारांची उंची बदलते. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा. नव्या तारा रेकॉर्डिंगच्या दोन दिवस आधी चढवा, ताणून ताणून लावा. त्याच दिवशी चढवलेल्या तारा प्रत्येक टेकमध्ये उतरत राहतात. तसंही प्रत्येक टेकआधी सूर तपासायचाच.

किती टेक घ्यावेत? माझं मत, पाच. बहुतेक वेळा दुसरा किंवा तिसरा सर्वांत चांगला असतो. पाचव्यानंतर चुका कमी झाल्या तरी वाजवणं मेलेलं असतं. पाचात जमलं नाही तर गिटार ठेवून द्या. तयारी कमी पडली आहे आणि ती त्या दिवशी भरून निघणार नाही. यंत्र कुठे जात नाही, पुढच्या रविवारी तिथेच असेल.

आणि शेवटची कॉर्ड वाजली की हात तारांवरून उचलू नका, खुर्ची हलवू नका, मनात सावकाश आठपर्यंत मोजा. बटण बंद करा. मग काय बोलायचं ते बोला.